कॅसेट देतोस का?

मे महिन्याची सुट्टी लागली की मिरजेच्या आमच्या गल्लीत दुपारभर एकच प्रश्न घरोघरी फिरायचा: ‘कॅसेट देतोस का?’ साल १९९६-९७. गल्लीत व्हिडिओ गेम तीन आणि कॅसेटी सगळ्यांच्या मिळून अकरा. व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा करडा-पांढरा डबा, निन्टेंडोच्या जपानी यंत्राची कुठून कुठून फिरत आलेली नक्कल. कार्ट्रिज हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. ती कॅसेटच. चालली नाही की उपसायची, खालच्या पट्टीवर गाल फुगवून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. वर ‘९९९९ इन वन’ छापलेलं असायचं, आत मोजून आठ-दहा गेम, बाकी सगळे तेच रंग बदलून. पण ‘मारिओ’ची एकट्याची कॅसेट ज्याच्याकडे असे त्याचा गल्लीत वट होता. त्याने ती दोन दिवसांसाठी उसनी द्यायची आणि बदल्यात ‘कॉन्ट्रा’ न्यायची. गल्लीत कंटाळा आला की स्टँडजवळच्या दुकानात जुनी कॅसेट आणि वर वीस रुपये दिले की दुसरी मिळे. आपली कॅसेट ओळखू यावी म्हणून मागे चिकटपट्टी लावून बॉलपेनने आडनाव लिहिलेलं असे.

हा व्यवहार इतका साधा होता की त्याला नियम असू शकतात, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. २०१३च्या जून महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या डोक्यात ते आलं. कंपनीने नियम जाहीर केले ६ जूनला आणि मागे घेतले १९ जूनला. या तेरा दिवसांत जे झालं, त्याने कन्सोलच्या, म्हणजे अशा गेमयंत्रांच्या, बाजारातली पुढची दहा वर्षं ठरवली.

नियम असे होते. ‘एक्सबॉक्स वन’ या नव्या कन्सोलने दर २४ तासांत एकदा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला हजेरी द्यायची, नाहीतर गेम बंद. दुसऱ्याच्या घरी जाऊन आपल्या खात्यावरून खेळत असाल तर दर तासाला हजेरी. डिस्क विकत घेतली तरी गेम यंत्रात उतरवून तुमच्या खात्याला बांधला जाणार. तो जुन्या बाजारात विकता येईल की नाही हे प्रकाशक ठरवणार. मित्राला द्यायचा तर एकदाच देता येणार, आणि तो मित्र तुमच्या एक्सबॉक्सवरच्या मित्रयादीत किमान ३० दिवस असला पाहिजे. शेवटचा नियम मी तेव्हा दोनदा वाचला होता. मैत्रीला महिन्याभराची प्रोबेशन लावणारा माणूस कुठल्या गल्लीत वाढला असेल, असा प्रश्न पडला.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. कन्सोलचं यंत्र फारशा नफ्यावर विकलं जात नाही, कित्येकदा पदरमोड करून विकलं जातं. कमाई होते ती पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गेममागे प्रकाशकाकडून मिळणाऱ्या वाट्यातून. तेव्हा अमेरिकेत साठ डॉलरचा नवा गेम खेळून झाला की लोक तो दुकानात नेऊन विकत, दुकानदार तोच गेम नव्याच्या शेजारी पाच-दहा डॉलर कमी लावून मांडे आणि दुसऱ्या विक्रीत ना प्रकाशकाला दमडी मिळे ना कन्सोलवाल्याला. ‘गेमस्टॉप’ ही अमेरिकेतली मोठी साखळी याच जुन्या मालावर पोसली गेली. गेम बनवण्याचा खर्च दर पिढीला वाढत होता. २०१०पासून इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशकाने एक तोडगा काढला होता: नव्या डब्यात एक कोड असायचा, तो एकदा वापरला की संपला. जुना गेम घेणाऱ्याला ऑनलाइन खेळायचं तर दहा डॉलर वेगळे मोजावे लागत. मे २०१३मध्ये त्यांनी ही पद्धत बंद केली तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी लोकांच्या मनात पाल चुकचुकली. आता ही वसुली यंत्रातच बसवणार की काय?

पुस्तकांच्या धंद्याने हेच शंभर वर्षांपूर्वी करून पाहिलं होतं. अमेरिकेतल्या बॉब्स-मेरिल या प्रकाशनाने ‘द कास्टअवे’ नावाच्या कादंबरीत सूचना छापली, की हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीला विकायची परवानगी कुणालाही नाही. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८मध्ये निकाल लागला: प्रत एकदा विकलीत, तुमचा अधिकार संपला, पुढे ती कुणी कितीला विकावी हे तुम्ही ठरवायचं नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दहावीची वापरलेली पुस्तकं अर्ध्या किमतीत घेणाऱ्या पोराला हा निकाल माहीत नसतो, पण तो उभा असतो त्याच तत्त्वावर. योगायोग असा, की मार्च २०१३मध्ये त्याच न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा ठासून सांगितलं होतं. थायलंडहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने तिकडची स्वस्त पाठ्यपुस्तकं आणून अमेरिकेत विकली होती, तो जिंकला. पुस्तकाला लागू असलेला नियम गेमच्या डिस्कला लागू राहू नये, यासाठी डिस्कच निरर्थक करून टाकायची, ही एक्सबॉक्स वनमागची खरी चलाखी होती. वस्तू तुमची, आतला मजकूर आमचा.

हवा आधीच तापलेली होती. त्या मार्चमध्ये ‘सिमसिटी’चा नवा भाग आला होता. एकट्याने बसून शहर वसवायचा खेळ, पण सतत इंटरनेट हवं. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले, पैसे भरून घेतलेला खेळ लोकांना उघडताही येईना आणि अॅमेझॉनने त्याची डाउनलोड विक्री काही काळ थांबवली. एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका क्रिएटिव्ह डायरेक्टरने ट्विटरवर लिहिलं, की हल्ली सगळंच कायम ऑनलाइन असतं, सवय करून घ्या. कंपनीला माफी मागावी लागली, त्या गृहस्थांनी नोकरी सोडली. २१ मेला रेडमंडच्या मुख्यालयात एक्सबॉक्स वनचं अनावरण झालं ते टीव्ही, अमेरिकन फुटबॉल, पुन्हा टीव्ही असं. गेमसाठी आलेल्या माणसाला लग्नाला बोलावून विमा पॉलिसी समजावून सांगावी तसं वाटलं असणार. जुन्या गेमचं काय, या प्रश्नाला त्या आठवड्यात एका अधिकाऱ्याने एक उत्तर दिलं, दुसऱ्याने दुसरं. मग आला ६ जून. नियम जाहीर झाले त्याच दिवशी एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या ‘प्रिझम’ या अमेरिकी पाळतयंत्रणेच्या बातम्या छापून आल्या, आणि त्या कागदपत्रांत कंपन्यांच्या यादीत पहिलं नाव मायक्रोसॉफ्टचं होतं. इकडे एक्सबॉक्स वनबरोबर ‘किनेक्ट’ नावाचा कॅमेरा-मायक्रोफोन सक्तीचा होता आणि तो जोडल्याशिवाय यंत्र चालणार नव्हतं. दिवाणखान्यात सतत कान टवकारून बसलेला डोळा आणि वर रोजची हजेरी. इतका वाईट मुहूर्त ठरवूनही काढता आला नसता.

१० जून, लॉस एंजेलिस. ‘ई थ्री’ या वार्षिक मेळ्याचा आदला दिवस. सकाळी मायक्रोसॉफ्टने गेम दाखवले, चांगले दाखवले आणि शेवटी किंमत सांगितली: ४९९ डॉलर. संध्याकाळी मेमोरियल स्पोर्ट्स अरेनात प्रतिस्पर्धी ‘प्लेस्टेशन’वाल्या सोनीचा कार्यक्रम होता. बराच वेळ तोही इतर कार्यक्रमांसारखाच चालला. मग प्लेस्टेशनच्या अमेरिका विभागाचे प्रमुख जॅक ट्रेटन पुढे आले आणि अगदी कंटाळवाण्या सुरात, एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीने ठराव वाचावा तसे मुद्दे वाचू लागले. प्लेस्टेशन फोर जुन्या गेमवर कोणतंही बंधन घालणार नाही. टाळ्या. डिस्क घेणाऱ्याला ती दुकानात बदलता येईल, दुसऱ्याला विकता येईल, मित्राला देता येईल, जन्मभर ठेवता येईल. टाळ्या थांबेनात, त्यांना बोलायला उसंत मिळेना. एकट्याने खेळायला इंटरनेट लागणार नाही, ठरावीक तासांनी हजेरी लागणार नाही. प्रेक्षकांत बसलेल्या पत्रकारांनीही तटस्थपणा गुंडाळून ठेवला होता. यात गंमत अशी, की ट्रेटन नवं काहीच देत नव्हते. जे काल होतं तेच उद्या राहील, एवढंच सांगत होते. ‘आम्ही काही करणार नाही’ या घोषणेवर इतक्या टाळ्या दुसऱ्या कुठल्या धंद्यात पडल्या असतील असं वाटत नाही. त्यानंतर सोनीच्याच अँड्र्यू हाउस यांनी किंमत सांगितली: ३९९.

त्याच दिवशी सोनीने एक चित्रफीत सोडली. लांबी अर्ध्या मिनिटाहूनही कमी. प्लेस्टेशनवर गेम कसा द्यायचा याची अधिकृत कृती, पायरी पहिली. पडद्यावर सोनीचे दोन अधिकारी, शुहेई योशिदा आणि अॅडम बॉइज. एक जण गेमचा डबा दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा आभार मानतो. संपलं. पायरी दुसरी नाहीच. मायक्रोसॉफ्टच्या पानभर नियमांची यापेक्षा थोडक्यात कुणी टिंगल केली नसेल. खरं तर ती आमच्या गल्लीचीच चित्रफीत होती, फक्त आभार सोडून. आम्ही आभार मानत नसू.

ही शंभर डॉलरची थप्पड सोनीने पहिल्यांदा मारली नव्हती. मे १९९५मध्ये पहिलाच ई थ्री भरला, तोही लॉस एंजेलिसलाच. तेव्हा प्रतिस्पर्धी सेगा होती. त्यांच्या टॉम कॅलिन्स्के यांनी व्यासपीठावरून अचानक जाहीर केलं, की ‘सॅटर्न’ सप्टेंबरची वाट न पाहता आजपासूनच काही निवडक दुकानांत मिळेल, ३९९ डॉलरला. त्यानंतर सोनीची पाळी. ओलाफ ओलाफसन (हे गृहस्थ सोनीचे अधिकारी आणि आइसलँडचे कादंबरीकारही) बोलत होते. त्यांनी सहकारी स्टीव्ह रेस यांना पुढे बोलावलं. रेस माइकपाशी आले, ‘टू नाइन्टी नाइन’ एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. सेगाने ज्या दुकानांना वगळलं होतं ती खवळली. केबी टॉइज या साखळीने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. जानेवारी २००१मध्ये सेगाने आपण यापुढे कन्सोल बनवणार नाही असं जाहीर केलं, आणि त्याच वर्षाअखेर त्यांचा गेमनायक ‘सॉनिक’ जन्मभराच्या वैऱ्याच्या, निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला.

पण सोनीला साधुसंत समजायचं कारण नाही. हीच कंपनी २००६मध्ये प्लेस्टेशन थ्री ५९९ डॉलरला घेऊन आली होती, आणि त्या यंत्राचे जनक केन कुतारागी यांचा सूर असा होता, की लोक जास्त तास काम करतील पण हे घेतील. लोकांनी घेतलं नाही, निदान बरीच वर्षं घेतलं नाही. याच कंपनीने त्या यंत्रावर लिनक्स चालवायची सोय १ एप्रिल २०१०च्या अपडेटमध्ये काढून घेतली. तारीख पाहून अनेकांना थट्टाच वाटली होती. आणि एप्रिल २०११मध्ये तिच्या नेटवर्कवर दरोडा पडला, ७.७ कोटी खात्यांची माहिती धोक्यात आली, जवळपास तीन आठवडे सेवा बंद होती. २०१३च्या त्या सुरेल संध्याकाळीही एक गोष्ट टाळ्यांच्या गडगडाटात वाहून गेली: प्लेस्टेशन थ्रीवर इतरांबरोबर ऑनलाइन खेळणं फुकट होतं, फोरवर त्यासाठी वर्गणी भरावी लागणार होती. नवा कर त्याच दिवशी बसला आणि रयत मात्र जयजयकार करत राहिली.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागाचे प्रमुख होते डॉन मॅट्रिक. गेमपत्रकार जेफ किली यांनी त्या आठवड्यात त्यांची मुलाखत घेतली. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं? मॅट्रिक यांचं उत्तर: त्यांच्यासाठी आमच्याकडे एक उत्पादन आहे, त्याचं नाव एक्सबॉक्स ३६०. म्हणजे आठ वर्षांपूर्वीचं यंत्र. बोलता बोलता त्यांनी अणुपाणबुडीवरच्या खलाशाचाही विषय काढला, सहानुभूतीने, पण बाण सुटून गेला होता. जहाजांवर आणि परदेशातल्या तळांवर फावल्या वेळात गेम खेळणारे सैनिक या यंत्रांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्यातून तक्रारीचा सूर आधीच लागला होता. अमेरिकेत सैनिकांना दुखावून कुठल्याही ब्रँडचं भलं झालेलं नाही.

आपल्याकडे हा वाद गेमच्या वेडातल्या थोड्या पोरांनी रात्री जागून पाहिला, पण त्यांना त्यात मत मांडायलाही जागा नव्हती. एक्सबॉक्स वनची सेवा ज्या २१ देशांत सुरू होणार होती त्या यादीत भारत नव्हताच. (पोलंडही नव्हता, आणि मायक्रोसॉफ्टच्याच ई थ्रीच्या मंचावर ज्याची झलक दाखवली तो ‘विचर थ्री’ हा गेम पोलंडमध्ये बनत होता.) रोज हजेरी द्या म्हणणाऱ्यांना इकडची अवस्था सांगायला हवी होती: त्या जूनमध्ये आपल्या सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएस वेग म्हणजे ‘ब्रॉडबँड’ होता, पुढच्या महिन्यात दूरसंचार विभागाने तो दुप्पट करून ५१२वर नेला. २५६च्या वेगाने चाळीस-पन्नास जीबीचा गेम उतरवायला बसलं तर गणपती बसवून विसर्जन होईपर्यंत तो संपला नसता. वर महावितरणची मर्जी सांभाळायची ती वेगळी. इथे नवा गेम साडेतीन-चार हजारांच्या घरात होता, आणि महिन्याच्या पॉकेटमनीत बसणारा एकच रस्ता होता: तिघांनी मिळून घ्यायचा, खेळायचा, विकायचा, त्या पैशांत वर थोडे घालून पुढचा घ्यायचा. प्लेस्टेशन फोर भारतात जानेवारी २०१४मध्ये ३९,९९० रुपयांना आला. एक्सबॉक्स वन यायला सप्टेंबर उजाडला. नऊ महिन्यांत मित्रमंडळी ठरून जातात. ज्याच्याकडे जे यंत्र, त्याच्याभोवती डिस्कांचा गोतावळा. उशिरा आलेल्याला उसनं मागायलाही कुणी उरत नाही.

१९ जूनला मायक्रोसॉफ्टने सपशेल घूमजाव केलं. हजेरी रद्द, जुन्या गेमवरची बंधनं रद्द. गिऱ्हाइकांनी एवढ्या मोठ्या कंपनीला वस्तू दुकानात यायच्या आधीच वाकवल्याची उदाहरणं फार नाहीत. (एवढं होऊनही पहिल्या दिवशी यंत्र चालू करायला एकदा इंटरनेट लागलंच; आतलं सॉफ्टवेअर जुन्या नियमांच्या हिशेबाने तयार होत आलं होतं.) जुलै उजाडताच मॅट्रिक ‘झिंगा’ कंपनीत गेले. पुढच्या वर्षी किनेक्ट विकत घ्यायची सक्ती गेली, किंमत ३९९वर आली.

मात्र माघारीत एक चांगली गोष्टही बुडाली, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मूळ योजनेत कुटुंबातल्या दहा जणांना तुमचे सगळे गेम, ते कुठेही राहत असले तरी, खेळायला मिळणार होते. भाऊ बंगळुरात, बहीण न्यू जर्सीत, गेम एकच. हजेरीबरोबर तीही सोय गेली. तेव्हा काही जणांनी ‘आम्हाला जुनंच एक्सबॉक्स वन द्या’ असा अर्जही केला होता. त्यांची थट्टा झाली. मला आता वाटतं, ते अगदी मूर्ख नव्हते.

बाजाराने शिक्षा पुरी केली. प्लेस्टेशन फोर ११ कोटी ७० लाखांच्या पुढे गेला. मायक्रोसॉफ्टने काही काळाने एक्सबॉक्स वनच्या विक्रीचे आकडे सांगणंच बंद केलं. २०२२मध्ये ब्राझीलच्या नियामकापुढे दिलेल्या कागदांत मात्र सोनीने दुपटीहून अधिक यंत्रं विकल्याचं कबूल केलं. २०२३मध्ये तेव्हाचे एक्सबॉक्सप्रमुख फिल स्पेन्सर एका मुलाखतीत म्हणाले, की हरायला याहून वाईट पिढी नव्हती, कारण त्याच पिढीत लोकांनी आपापला डिजिटल गेमसंग्रह उभा केला. आता त्यांना त्यांच्या यंत्रावरून हलवणार कसं?

हे वाक्य मला मॅट्रिक यांच्या सगळ्या चुकांपेक्षा मोठं वाटतं. म्हणजे ज्या लोकांनी २०१३मध्ये खात्याला बांधलेला गेम नको म्हणून रान उठवलं, त्यांनीच पुढची सात वर्षं सोफ्यावर बसल्या बसल्या, सेलमध्ये, अर्ध्या किमतीत, खात्याला बांधलेले गेम घेतले. कुणी सक्ती केली नव्हती. उठून डिस्क बदलायचा कंटाळा पुरेसा होता. मी स्वतः यात सामील आहे. माझ्या खात्यात साठेक गेम आहेत आणि त्यातला एकही मी कुणाला देऊ शकत नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये प्लेस्टेशन फाइव्ह आला तो दोन रूपांत, एकाला डिस्कची खाचच नाही. २०२३च्या बारीक आवृत्तीत डिस्क वाचणारा भाग वेगळा घेऊन जोडता येतो, पण तो जोडताना यंत्राला एकदा इंटरनेटवर हजेरी लावावीच लागते. २०२४मध्ये ‘प्रो’ आला तो ७०० डॉलरला, आणि त्यात तो भाग मुळातच नाही, वेगळा घ्या. गेमचा डबा हातात देण्याची चित्रफीत काढणाऱ्यांचंच हे यंत्र.

लोक अजून चिडतात आणि अजून जिंकतातही. जानेवारी २०२१मध्ये एक्सबॉक्सच्या ऑनलाइन वर्गणीची वाढ जाहीर झाली त्याच दिवशी मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोनीने प्लेस्टेशन थ्री आणि हातात धरून खेळायचं व्हिटा या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद करायचा बेत रद्द केला. मे २०२४मध्ये ‘हेलडायव्हर्स टू’ कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांना सोनीचं खातं सक्तीचं होणार असं जाहीर झालं; अनेक देशांत ते खातं काढायचीच सोय नव्हती, पण गेम तिथे विकला गेला होता. दोन लाखांहून जास्त वाईट शेरे पडले आणि तीन दिवसांत तो बेत बारगळला. या सगळ्या झटपट जिंकायच्या लढाया. लांबची लढाई वेगळीच आहे. मार्च २०२४अखेर युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारींच्या गेमचे सर्व्हर बंद केले. दुकानातून रोख पैसे देऊन आणलेली डिस्क चहाच्या कपाखाली ठेवण्यापुरती उरली. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाकडच्या तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात त्या वर्षीपासून कायदाच आहे: जे फक्त परवान्यावर देताय ते ‘विकत घ्या’ म्हणून विकायचं तर तसं स्पष्ट सांगावं लागतं.

आणि ऑक्टोबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की ‘हेलो’, ज्याच्या जिवावर २००१मध्ये एक्सबॉक्स उभा राहिला तो ‘हेलो’, नव्या रूपात प्लेस्टेशनवर येणार. सॉनिकची आठवण झाली.

गेल्या दिवाळीत मिरजेचं घर आवरताना माळ्यावरच्या खोक्यात एक पिवळी कॅसेट सापडली. भाचा पुण्याहून आला होता. त्याच्या कन्सोलला खाच नाही, त्यामुळे त्याने ती उलटीपालटी करून पाहिली, नाकाशी नेली, मागच्या चिकटपट्टीवरची निळी अक्षरं लावायचा प्रयत्न केला.

“मामा, ही तुझी?”

“नाही रे. कुलकर्ण्यांची. दोन दिवसांसाठी आणली होती.”